दोष बाटलीचा ठरवणाऱ्या डॉक्टर

डॉ. मृणालिनी कणसे यांची आणि माझी पहिली भेट टेबलाच्या दोन बाजूंना बसून झाली. तासगावच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात एखादा नवा उपचार सुरू करायचा असेल, तर तो आधी एका लहानशा समितीपुढे मांडावा लागतो. तर्कशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर या समितीचे अध्यक्षपद विश्वस्तांनी माझ्याकडे सोपवले होते. वैद्यकातले मला काही कळत नव्हते. विधान आणि त्याचा आधार यांच्यात अंतर किती आहे, एवढे पाहणे हे माझे काम होते. त्या दिवशी बाई आल्या त्या एक पारदर्शक प्लास्टिकची बाटली, हातभर रबरी नळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन. कागद त्यांनी आणलेच नव्हते असे नाही, पण ते त्यांनी शेवटी काढले.

विषय होता दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या श्वासाचा. आपण श्वास सोडतो तेव्हा थोडी हवा छातीत उरते. या बाळांत ती उरत नाही. फुप्फुसातले बारीक फुगे प्रत्येक श्वासाबरोबर मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास नवा फुगा पहिल्यांदा फुगवण्याइतका कष्टाचा होतो. बाळ कण्हते, बरगड्या आत ओढून घेते आणि थकले की थांबते. मोठी यंत्रे तेव्हाही सांगलीला होती, पुण्याला होती. पण तिथवरच्या रस्त्याइतका दम सगळ्याच बाळांत नसे. बाईंचा प्रस्ताव असा होता की बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या बसवून ऑक्सिजन मिसळलेली हवा सतत सोडायची आणि परतीच्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. बाळाला मग पाण्याच्या दाबाविरुद्ध श्वास सोडावा लागतो आणि म्हणून थोडी हवा आत राहते. नळीचे टोक पाण्याखाली जितके खोल, तितका दाब.

हे सांगून त्यांनी बाटलीत पाणी ओतले आणि नळीचे दुसरे टोक आमच्यातल्या आनंदरावांच्या हाती दिले. आनंदराव म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, उसाची शेती पाहणारे आमचे एक विश्वस्त. त्यांनी बिगूल फुंकावा तशी फुंकर मारली आणि टेबलावर पाणी उडाले. ते म्हणाले, "बाई, सरबतात नळी घालून पोरं बुडबुडं काढत्यात, तसंच झालं की हे."

"व्हय दादा, तसंच हाय," बाई म्हणाल्या. "फकस्त सरबत न्हाई." रहिमतपूरच्या एका शिपायाच्या घरात वाढलेल्या या बाईंना ती भाषा वापरताना कधी प्रयत्न करावा लागला नाही आणि ती टाळावी असेही त्यांना कधी वाटले नाही.

मग मी प्रश्न विचारले. हे बंद पडले तर कळणार कसे? बुडबुडे थांबतील, ते दिसेल आणि ऐकूही येईल, असे उत्तर आले. ऑक्सिजन अधिक झाला तर? डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून हवेत मिसळून, मोजून द्यायचा आणि पुढे डोळे तपासायचेच. कोणत्या बाळाला हे चालणार नाही? या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "जे स्वतः श्वासच घेत नाही, त्याला. हे यंत्र श्वास घेत नाही, सर. श्वास बाळच घेतं. हे फक्त दार मिटू देत नाही."

शेवटी मी विचारले की या शोधाचे श्रेय कोणाचे. माझ्या अनुभवात या प्रश्नावर माणसे सरसावून बसतात. बाईंनी उपचाराची पद्धत आणि तिची जुळणी यांत स्वच्छ फरक केला. पद्धत जगभर वापरात आहे, ती माझी नाही. इथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून केलेली जुळणी माझी आहे, तेव्हा तेवढीच मला सिद्ध करून दाखवली पाहिजे, असे त्या म्हणाल्या. ज्या गोष्टीची जबाबदारी घ्यायची तिच्या सीमा इतक्या अचूक आखणारी व्यक्ती मी वर्गातही क्वचितच पाहिली होती. आम्ही परवानगी दिली आणि अट घातली. जुळणीमुळे एखाद्या बाळाला अपाय झालाच, तर तो बाईंनी स्वतः समितीपुढे सांगावा, आणि मग ही बाटली विभागात ठेवायची की नाही याचा निर्णय समितीने नव्याने करावा. बाईंनी ती अट वाचली आणि मान डोलावली.

यानंतर माझे त्यांच्या नवजात शिशू विभागात जाणे-येणे सुरू झाले आणि त्यांची काम करण्याची रीत पाहायला मिळाली. तिथे रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला त्या आधी स्वतःच्या नाकात नळ्या घालून निजायला लावत. त्यातून काय शिकायचे असते, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की नळी ओढली गेली की नाकाची कड कशी दुखते, हे एकदा कळले की हात आपोआप हलका होतो. ओल्या किंवा न धुतलेल्या हातांनी आत येणाऱ्यावर, मग तो विश्वस्त असला तरी, त्या भडकत. मीही त्यातून सुटलो नाही. बैठकांना त्या उशिरा येत, अहवाल त्यांच्याकडून मागून घ्यावे लागत आणि दुपारचे जेवण ही गोष्ट त्यांनी कधी गांभीर्याने घेतली नाही. गौरवलेखातही हे नमूद केलेले बरे, कारण या गौरवग्रंथाचे वाचक त्यांना ओळखतात.

पण त्यांच्या रीतीतली सर्वांत वादाची गोष्ट वेगळी होती. इतर ठिकाणी नातेवाईक काचेबाहेर उभे राहतात. बाईंच्या विभागात प्रत्येक बाळाजवळ घरातली एक बाई स्टुलावर बसलेली असे. आई उठण्याच्या स्थितीत नसेल तर आजी, आत्या, कोणीही. हात धुऊन, पायांतले काढून, डोक्याला फडके बांधून. बाळ थोडे सावरले की त्या बाईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, ते ठेवले जाई. यामुळे गर्दी होते, जंतू येतात, परिचारिकांना अडचण होते, अशा तक्रारी आमच्याकडे येत. बाईंचे म्हणणे असे की हात धुतलेली आजी ही जंतूंची वाट नाही, आणि दिवसभर एकाच बाळाकडे पाहत बसणारे डोळे आमच्याकडे दुसरे नाहीत.

याच रीतीवर पुढे गदा येण्याची वेळ आली. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या घरी, बागवानांकडे, पहिला नातू दिवस भरण्याच्या बराच आधी जन्मला. आईची शस्त्रक्रिया झाली होती, ती वरच्या मजल्यावर निजून होती. बाळाजवळ बसल्या होत्या त्याच्या आजी, हमीदाबी. बाळ कण्हत होते. त्याला बाटली लावली आणि ते शांत झाले. हमीदाबी त्या बुडबुड्यांकडे पाहत बसून राहत. बाईंनी त्यांना आपल्या पद्धतीने समजावलेही होते. द्राक्षाचा घड असतो तशी छाती आतून असते, यातले मणी सुकून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून हे पाणी. बेदाण्याच्या शेडवर आयुष्य गेलेल्या हमीदाबींना ते पटले. त्यात एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली, की बाळाच्या छातीत जाणारा श्वास या पाण्यातून जात नाही. बाहेर येणारा तेवढा जातो.

हमीदाबींच्या यजमानांनी हजहून जमजमचे पाणी आणले होते. घरात कोणी आजारी पडले, कोणाच्या जिवावर बेतले, की ते घोटभर द्यायचे, ही त्यांच्याकडची रीत. बाळाच्या तोंडात थेंबही घालायचा नाही, हे त्यांना बजावलेले होते आणि ते त्यांनी पाळले. पण नातू ज्या पाण्यातून श्वास घेतो असे त्या समजत होत्या, ते पाणी तर समोरच होते. दुपारी सिस्टर दुसऱ्या बाळाकडे वळल्या असताना त्यांनी पदराआडची लहान बाटली काढली आणि सगळे पाणी बुडबुड्यांच्या बाटलीत ओतले. बाटली अरुंद होती. पाणी दोन बोटे वर चढले, म्हणजे नळीचे टोक तितकेच खोल गेले आणि दाब वाढला.

थोड्याच वेळात बाळाचे पोट टरारले, श्वास अडखळू लागला. सिस्टरांनी हाक मारली, बाई धावत आल्या, बाटलीवरच्या पातळीच्या खुणेच्या वर गेलेले पाणी त्यांनी पाहिले आणि आधी नळी वर ओढून घेतली. पोटातली हवा काढली. फुप्फुस फुटून हवा बाहेर आली आहे का, या शंकेने छातीचा क्ष-किरण फोटो काढायला पाठवले. बाळाचा बाप दारात उभा होता. काय झाले ते कळताच तो आईवर ओरडला, तुला कुणी सांगितले होते हात लावायला, असे काहीसे. हमीदाबी भिंतीला टेकल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "म्या टाकलं वो डॉक्टरीणबाई. जमजमचं हाय. पोराच्या सासात दुवा मिसळंल म्हनून टाकलं."

तिथे हजर असलेल्या सिस्टरांनी पुढचे मला सांगितले. बाईंनी आधी बापाला गप्प केले. मग स्टूल ओढून हमीदाबींना पुन्हा त्याच जागी, बाळाजवळ बसवले आणि त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मावशी, तुमी बसा हितंच. तुमची चूक न्हाई. ही बाटलीच येडी हाय, कुनी काय वतंल ते घेती." मग सांगायचे राहून गेलेले त्यांनी सांगितले. हमीदाबींनी सगळे ऐकून विचारले, "मंजी माझी दुवा भाईरच ऱ्हायली व्हय?"

"न्हाई मावशी," बाई म्हणाल्या. "त्यो सोडतोय त्यो सास हितं थांबतोय, म्हनून पुढचा घेता येतोय त्याला. तुमी दाराशीच हुबं हायसा त्याच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी समितीची बैठक मागितली. अट पाळण्याची आठवण त्यांना कोणी करून द्यावी लागली नाही. घडले ते त्यांनी क्रमाने सांगितले, स्वतःचे राहून गेलेले वाक्यही वगळले नाही. फोटोत छाती शाबूत दिसत होती, पण बाळ अजून धोक्यातच होते.

बैठकीत दोन मते पुढे आली. एकाचे म्हणणे, बाटली बंद करा आणि अशी बाळे पूर्वीप्रमाणे सांगलीला पाठवा. दुसरे मत आनंदरावांचे. बाटली राहू द्या, माणसे बाहेर काढा. "बाई, पहाऱ्यावर परक्याला हुबं करत न्हाईत," ते म्हणाले.

"दादा, आजी परकी न्हाई," बाई म्हणाल्या. "त्या बाळाच्या लेखी परके आपण."

 पण चपखल उत्तर देणे म्हणजे पटवणे नव्हे, हे मला ठाऊक होते. मी बाईंना विचारले की उद्या दुसऱ्या कुटुंबाने पाणी ओतले तर काय. त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. खुणेच्या नेमक्या उंचीवर तापलेल्या तारेने तिला भोक पाडले होते आणि त्याला एक आखूड नळी जोडली होती. ही नळी खालच्या दुसऱ्या भांड्यात सोडायची असते. ते भांडे आणायचे त्या घाईत विसरल्या होत्या. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि तांब्यातले पाणी ओतू लागल्या. खुणेपर्यंत पाणी चढले आणि मग टेबलावरून, माझ्या कागदांवरून, आनंदरावांच्या धोतरावर वाहू लागले. त्या ओततच राहिल्या. बाटलीतली पातळी हलली नाही.

"चूक माणसांकडून होणारच," त्या म्हणाल्या. "मायेनं होईल, घाईनं होईल. माणूस काढून टाकलं तर चूक जाईल, पण मायाही जाईल आणि ती मला कामाला लागते. म्हणून चूक बाटलीतून काढली."

मी आयुष्यभर शिकवत आलो की एखाद्या घटनेची कारणे अनेक असतात, आणि त्यांपैकी कोणते बदलायचे हे ठरवणे हा विचाराचा खरा कस असतो. त्या सकाळी तो कस मी पाहिला. दोषी शोधणे सोपे होते. ती म्हातारी समोरच होती, तिने कबुलीही दिली होती.

यानंतर बाईंनी जे केले ते माझ्या दृष्टीने याहूनही मोठे. बाळाचे काय होते ते पाहून निर्णय घेऊ, अशी सूचना कोणीतरी केली. बाई म्हणाल्या, तसे करू नये. बाळ जगले तर माझी बाजू खरी ठरेल आणि न जगले तर खोटी, असे होता कामा नये. बाटली सुधारली आहे की नाही, आजीने तिथे बसावे की नाही, याचा निवाडा आज, काही माहीत नसताना करा. एवढे बोलून त्या उठल्या आणि विभागात गेल्या.  त्या बाळाच्या जगण्याची आस आमच्यात सर्वाधिक त्यांना होती, आणि तिला युक्तिवादात शिरू द्यायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते.

आम्ही निर्णय केला. सुधारलेली बाटली राहील, आजी राहील. आनंदरावांनी हात वर केला आणि ओल्या धोतराकडे पाहत म्हणाले, "लिवा. माझी साक्ष अंगावरच हाय."

पुढचे काही दिवस मी रोज जात असे. विभागात एक लहानसा बदल दिसला. प्रत्येक बाळाच्या काचपेटीच्या उशाशी बाईंनी झाकणाची एक छोटी डबी टांगली होती. कोणाचा अंगारा, कोणाचा ताईत, कोणाची जमजमची कुपी, जे काही घरून येई ते तिथे ठेवायचे आणि डबीला हात लावला की हात पुन्हा धुवायचे. ज्याच्या हातांना काही करायची ओढ आहे, त्याला नुसते नको म्हणून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हापासून बाटलीत कोणी पाणी ओतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बाळ सावरले. ज्या सकाळी बाटली काढायची ठरली, तेव्हा मी काचेबाहेर होतो. बाईंनी नाकातल्या नळ्या सोडवल्या, हवा बंद केली आणि बुडबुडे थांबले. हमीदाबी ताडकन उठल्या. इतक्या दिवसांत त्या आवाजालाच त्या नातवाचा जीव समजत आल्या होत्या. तो थांबला म्हणजे काय झाले असे त्यांना वाटले असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर काचेतूनही वाचता येत होते. बाईंनी त्यांचा हात धरला आणि बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ हलत होती. मग बाई म्हणाल्या, "आता त्याचं त्योच घेतोय, मावशी." हमीदाबींनी हात काढला नाही. बाईंनीही आपला हात त्यांच्या हातावरून काढला नाही. बाहेर बाप उभा होता, तो आत गेला आणि आईच्या पायांशी बसला.

पुढे बाईंनी ही सुधारलेली बाटली पाटणला नेली. कोयना खोऱ्यातून कऱ्हाडपर्यंतचा रस्ता तिथल्या बाळांना आता श्वासाला आधार नसताना कापावा लागत नाही. तिथल्या परिचारिका त्यांनी तयार केल्या, त्यांच्याही नाकात नळ्या घालून.

एक वैयक्तिक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझी पत्नी शेवटच्या आजारात सांगलीला होती. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे होते आणि बाईंनी त्यांच्या कामात एका शब्दाने ढवळाढवळ केली नाही. त्या दर रविवारी तासगावहून एसटीने येत, तिच्या उशाशी बसत आणि तिची वेणी घालत. नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीला धक्का न लागता केस कसे मागे घ्यायचे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दोघी काय बोलत ते मी कधी विचारले नाही. मला एवढेच आठवते की रविवारी संध्याकाळी माझी पत्नी आरसा मागत असे.

डॉ. मृणालिनी कणसे यांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि विभागाची सूत्रे त्यांनी आपल्या विद्यार्थिनीकडे दिली आहेत. मी वयाने थोरला आहे, त्यामुळे आशीर्वाद देण्याचा अधिकार माझ्याकडे आपोआप येतो. तो वापरताना शब्द मोघम राहू नयेत एवढी काळजी मी घेतो. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, म्हणजे दुपारी ताटावर बसल्यावर शेवटचा घास संपेपर्यंत त्यांना कोणी उठवू नये, आणि गुडघ्यांनी पाटणचा चढ अजून पुष्कळ वर्षे सोसावा. आणि त्यांना दीर्घायुष्य लाभो, म्हणजे नेमके किती, तेही सांगतो. ज्या बाळांचे श्वास त्यांनी सांभाळले, ती मुले मोठी होतील, त्यांची लग्ने होतील आणि एखाद्या दिवशी त्यांच्या घरीही पाळणा हलेल. त्या दिवशी बाई तिथे असाव्यात. ती बाळे पूर्ण दिवसांची असोत, मोठ्याने रडोत, आणि बाईंना तिथे काहीही करावे न लागो.